‘फोनमधून काहीतरी काढून आणा’ असे सांगण्याआधी

कौटुंबिक न्यायालयांत काम करणारे वकील, विवाह समुपदेशक आणि पोलिसांच्या भरोसा सेलमधील (कौटुंबिक तक्रारींच्या कक्षातील) अधिकारी यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

नवरा-बायकोत संशय शिरला की माणूस आधी घरच्यांशी बोलतो. तिथे उत्तर मिळाले नाही की तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलासमोर येऊन बसतो. पहिल्या भेटीत जे कानावर पडते, तेच तो घरी जाऊन करतो. ‘नुसत्या संशयावर केस उभी राहत नाही, फोनमधून काहीतरी काढून आणा.’ ‘दोघांनी एकमेकांना पासवर्ड देऊन टाका, विषय मिटला.’ ‘फोन रिसेट मारा, सगळं जाईल.’ पहिले वाक्य वकिलांच्या केबिनमध्ये ऐकू येते, दुसरे समुपदेशकांच्या खोलीत, तिसरे पोलीस ठाण्यात. बोलणाऱ्याचा हेतू मदतीचाच असतो. पण पहिल्या सल्ल्याने अशील स्वतःच आरोपी होऊ शकतो, दुसऱ्याने पाळतीला लेखी परवानगी मिळते आणि तिसऱ्याने पुरावा पुसला जाऊन तक्रारदार जास्त धोक्यात येते. हे तिन्ही सल्ले थांबावेत आणि त्यांच्या जागी काय सांगता येईल, एवढ्यासाठी हे पत्र.

वकिलांपासून सुरुवात करतो, कारण सध्याचा सर्वात मोठा गैरसमज एका निकालातून निघाला आहे आणि तो निकाल लोकांना तुम्हीच समजावून सांगता.

१४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटाच्या एका दाव्यात गुपचूप केलेले रेकॉर्डिंग पुरावा म्हणून घ्यायला परवानगी दिली. ‘आता जोडीदाराचा फोन रेकॉर्ड केला तरी चालतो’ असा त्याचा अर्थ गावोगाव पोचला. प्रत्यक्षात न्यायालयासमोरचा प्रश्न बराच अरुंद होता. भटिंड्याच्या कौटुंबिक न्यायालयातल्या त्या दाव्यात पतीने स्वतः पत्नीशी केलेली फोनवरची बोलणी रेकॉर्ड करून मेमरी कार्ड आणि सीडीवर दाखल केली होती. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १२२ मधल्या अपवादाचा आधार घेऊन ती पुन्हा दाखल करून घेतली. पती-पत्नीतले बोलणे एरवी न्यायालयात उघड करता येत नाही, पण दावा त्या दोघांमधलाच असेल तर करता येते, असा तो अपवाद आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमात आता हेच कलम १२८ आहे.

या प्रकरणात रेकॉर्डिंग करणारा माणूस त्या संभाषणातला एक पक्ष होता. पत्नी तिच्या बहिणीशी, मैत्रिणीशी किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याशी काय बोलते, ते चोरून ऐकण्याबद्दलचा हा निकाल नाही. तसे प्रकरण याआधी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयासमोर आले होते. पतीने पत्नीचे इतरांशी झालेले फोन टेप केले होते. हे बेकायदा आहे, पत्नीच्या खासगीपणाचा भंग आहे आणि हा पुरावा घेता येणार नाही, असे त्या न्यायालयाने सांगितले होते. या दोन प्रकरणांमधला फरक अशिलाला समजेल अशा भाषेत सांगायला दोन मिनिटेही लागत नाहीत. ती दोन मिनिटे द्यावीत, ही पहिली विनंती.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा पुढे आहे. पुरावा ग्राह्य ठरला म्हणून तो मिळवण्याची कृती कायदेशीर ठरत नाही. बेकायदा मार्गाने मिळालेला पुरावाही संबंधित आणि अस्सल असेल तर वाचता येतो, हे तत्त्व आपल्याकडे १९७२ च्या मलकानी खटल्यापासून आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाचे कलम १४ तर पुरावा कायद्याच्या चौकटीबाहेरची कागदपत्रेही पाहण्याची मुभा देते. त्याच कलमाच्या आधारे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये असे चॅट दाखल करून घेतले, जे पतीने पत्नीच्या फोनमध्ये टाकलेल्या अ‍ॅपमधून आपोआप त्याच्या फोनवर येत होते. निकालाचा हा भाग व्हॉट्सअ‍ॅपवर खूप फिरला. पुरावा घेतला म्हणून तो बेकायदा मिळवणारा दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारीतून सुटत नाही, हेही त्याच निकालात आहे. तेवढे मात्र कुणी पुढे पाठवले नाही.

ही जबाबदारी किती मोठी आहे ते पाहा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० चे कलम ४३ सांगते की संगणकाच्या मालकाच्या किंवा तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय त्यात शिरणे, माहिती उतरवून घेणे किंवा त्यात घातक प्रोग्रॅम टाकणे यासाठी भरपाई द्यावी लागते. मोबाइलही यात येतो. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. ते या कायद्याखालचे न्यायनिर्णय अधिकारी असतात. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ लागते. त्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्याचा पासवर्ड तसाच वापरला तर कलम ६६सी. घटस्फोटासाठी माहिती गोळा करण्यात कपट आहे की नाही यावर युक्तिवाद होऊ शकतो, पण तोपर्यंत तुमच्या अशिलावर गुन्हा नोंदवला गेलेला असतो. चालू संदेश मध्येच अडवून वाचला किंवा ऐकला तर दूरसंचार अधिनियम २०२३ चे कलम ४२ आहे, ज्यात दंडाची मर्यादा दोन कोटींपर्यंत जाते.

पाळत ठेवणारा पुरुष आणि जिच्यावर पाळत आहे ती स्त्री असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ येते. स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा कोणत्याही इलेक्ट्रॉनिक संवादावर नजर ठेवणे हा त्यात पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. कलमात नवऱ्याला सूट नाही, बापालाही नाही. अठरा पूर्ण झालेल्या मुलीच्या फोनमध्ये ‘काळजीपोटी’ अ‍ॅप टाकणारा बाप कोणत्या कलमाच्या कक्षेत येतो, हे त्याला सांगणारे कुणी नसते. पुरुषाच्या फोनवर पाळत असेल तर हे कलम लागत नाही, तिथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचाच रस्ता आहे. आणि पुरुषही या जाचातून जातात. त्यांची तक्रार हसण्यावारी नेऊ नये.

‘फोन मीच घेऊन दिला, सिम माझ्या नावावर आहे’ हे उत्तर तुम्ही रोज ऐकत असाल. कलम ४३ मध्ये मालकासोबत ताबा असलेल्या व्यक्तीचाही उल्लेख आहे, त्यामुळे दुकानाची पावती दाखवून विषय संपत नाही. आणि फोनची पेटी कुणाचीही असली तरी त्यातले जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप खाते वापरणाऱ्याचे असते. दुसरा बचाव नव्याने ऐकू येतो: घरगुती कारणासाठी डेटा वापरला तर डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा लागत नाही. तो कायदा लागत नाही हे खरेच. पण बाकीचे सगळे लागतात.

आता वकिलांच्या रोजच्या कामातला एक कागद. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. ते दोन भागांत आहे: भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. भाग ‘अ’ शांतपणे वाचा. उपकरणाचा मेक, मॉडेल, रंग, सिरियल नंबर, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) विचारला आहे. उपकरण कायदेशीर नियंत्रणाखाली होते असे विधान आहे, आणि ते तुमच्या मालकीचे होते, देखभालीत होते, व्यवस्थापनात होते की वापरात होते, यावर खूण करायची आहे. शेवटी फाइलची हॅश किंमत (फाइल नंतर बदलली का हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) आणि ती एसएचए-१, एसएचए-२५६ की एमडी-५ पद्धतीने काढली ते लिहायचे आहे. बायको झोपली असताना तिचा अंगठा लावून फोन उघडणाऱ्या माणसाने या विधानाखाली सही केली, तर तो खोटे बोलतो किंवा स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देतो. तिसरा पर्याय त्या फॉर्ममध्ये नाही. अशिलाला ‘काढून आणा’ म्हणण्याआधी हा फॉर्म त्याच्यासमोर ठेवा.

तांत्रिक बाजूनेही असा माल कच्चा असतो. नवऱ्याने स्वतःच्या फोनने बायकोच्या स्क्रीनचे फोटो काढले, तर प्रमाणपत्र त्या फोटोंचे होते, चॅटचे नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे ‘एक्स्पोर्ट चॅट’ साधी टेक्स्ट फाइल देते. ती कुणीही नोटपॅडमध्ये उघडून बदलू शकतो, त्यामुळे उलटतपासणीत टिकत नाही. पाळत ठेवणाऱ्या अ‍ॅपच्या डॅशबोर्डवरून उतरवलेली माहिती तर परदेशातल्या अनोळखी सर्व्हरवरून आलेली असते. तिचा भाग ‘ब’ कोण सही करणार?

मग काय सांगावे? अशिलाच्या स्वतःच्या फोनमध्ये जे आहे, ते आधी जपायला सांगा. त्याला आलेले संदेश, धमक्या, स्वतःच्या कॉलची रेकॉर्डिंग, बँकेचे व्यवहार. डिसअपीअरिंग मेसेजेस चालू असतील तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी संदेश जातात, तेव्हा त्या मुदतीआधी स्क्रीनचे व्हिडिओ घ्यावे लागतात. फोन एक्स्चेंजमध्ये देऊ नका, अपडेट किंवा रिसेटच्या नादाला लागू नका. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत हजर केले तर प्रमाणपत्राची अडचण येत नाही; नवा फॉर्म आला तरी मूळ फोन जपण्याचे महत्त्व तसूभर कमी झालेले नाही. समोरच्याकडची माहिती हवी असेल तर न्यायालयाकडे अर्ज करा. कॉलचे तपशील, म्हणजे सीडीआर, दूरसंचार कंपन्यांना किमान दोन वर्षे ठेवावे लागतात. दावा लांबणार असेल तर ते जपून ठेवण्याचा आदेश पहिल्या काही तारखांतच मागून घ्या, नाहीतर तुमचा अर्ज मंजूर होईपर्यंत नोंदी गेलेल्या असतात. न्यायालय प्रत्येक वेळी ते देईल असे नाही. नुसत्या संशयावर मागितले तर नाकारलेही जातात, आणि ते योग्यच आहे. खासगी गुप्तहेराकडून सीडीआर विकत घेण्याचा विचारही करू देऊ नका. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी याच धंद्यातल्या खासगी गुप्तहेरांना अटक केली, आणि त्या तपासाचा धागा गिऱ्हाइकांपर्यंतही गेला.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. अशिलाला अनुचित मार्ग वापरण्यापासून रोखण्यासाठी वकिलाने शक्य ते सर्व करावे, असा बार कौन्सिलचा नियम आहे. आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ८४बी नुसार चिथावणी देणाऱ्याला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे. अ‍ॅपचे नाव सुचवणारा वकील फक्त सल्लागार राहत नाही.

समुपदेशकांना आमचे म्हणणे वेगळे आहे. तडजोडीच्या कागदात ‘उभयतांनी एकमेकांना मोबाइलचे व समाजमाध्यमांचे पासवर्ड द्यावेत’ किंवा ‘एकाने मागितल्यावर दुसऱ्याने फोन दाखवावा’ अशी अट घालू नका. वरवर ती दोघांना सारखी दिसते, पण घरात दोघांची ताकद सारखी नसते. ज्याच्या हातात पैसा आणि घर, त्याचाच पासवर्ड दुसऱ्या दिवशी बदलतो. शिवाय पुढे कधी पाळतीची तक्रार झाली तर ‘तिने लेखी संमती दिली होती’ हा बचाव तुमच्याच शिक्क्यासह तयार असतो. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले की पती पत्नीला फोनचा किंवा बँकेचा पासवर्ड द्यायला भाग पाडू शकत नाही. तसे करणे खासगीपणाचा भंग आहे आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला, तो लग्न झाले म्हणून संपत नाही.

या अटीने विश्वास परत येतो असे वाटत असेल तर फोन तपासण्याची क्रिया जवळून पाहा. पहिल्या रात्री काही सापडले नाही तर ‘डिलीट केले असेल’ असे वाटते. दुसऱ्या आठवड्यात कॉल लॉग आणि व्हॉट्सअ‍ॅप ताडून पाहिले जाते. मग बाथरूममध्ये फोन नेला यावरून भांडण. पाहणाऱ्याचे समाधान होईल असा क्षण येत नाही, कारण काही नसणे सिद्ध करता येत नाही. आणि त्या फोनमध्ये फक्त बायको नसते. तिच्या धाकट्या बहिणीने सांगितलेला गर्भपात असतो, मैत्रिणीच्या घरातली मारहाण असते, सहकाऱ्याच्या आजाराचे रिपोर्ट असतात. या माणसांनी कुठल्याच तडजोडीवर सही केलेली नाही.

अटच घालायची असेल तर उलटी घाला: ‘कोणीही दुसऱ्याच्या फोन, ईमेल, बँक किंवा समाजमाध्यम खात्यात शिरणार नाही, लोकेशन शेअरिंग दोघांच्या इच्छेनेच चालू राहील आणि कोणीही ते केव्हाही बंद करू शकेल, आजवर जोडलेली सर्व उपकरणे आठ दिवसांत काढून टाकली जातील.’ शेवटचा भाग विसरू नका. घर सोडून माहेरी गेलेल्या बाईचे व्हॉट्सअ‍ॅप सासरच्या लॅपटॉपवर उघडेच असते, असे वारंवार दिसते.

मुलांच्या ताब्याच्या प्रकरणात आणखी एक बाब तपासा. वडिलांनी मुलाला भेटीच्या दिवशी नवा फोन दिला. त्यात पालक नियंत्रण आहे, जे अल्पवयीन मुलासाठी पालक ठेवू शकतात. पण तो फोन आईच्या घरी जातो, आणि मुलाचे लोकेशन म्हणजे आईचा नवा पत्ता, तिच्या कामाच्या वेळा, तिचे डॉक्टर. मुलाला कळतही नाही की आपल्या खिशातून आईवर नजर आहे. ताब्याच्या आदेशात किंवा भेटीच्या अटींत फोनचे नियंत्रण कोणत्या पालकाकडे, दुसऱ्या घरी असताना लोकेशन बंद राहील का, हे लिहून घ्या. मुलाला नियंत्रण आहे हे माहीत असावे. लपवलेले पालक नियंत्रण आणि हेरगिरीचे अ‍ॅप यांत तांत्रिकदृष्ट्या काडीचाही फरक नसतो. गूगलच्या प्ले स्टोअरचे धोरणही हीच रेघ ओढते. पालकांसाठीच्या अ‍ॅपला सतत दिसणारी सूचना ठेवावी लागते, आणि जोडीदारावर नजर ठेवणारे अ‍ॅप त्याच्या संमतीनेही तिथे चालत नाही.

आता भरोसा सेलमधील अधिकाऱ्यांना. ‘साहेब, मी कुठे जाते, कुणाशी बोलते, त्याला सगळं कळतं’ असे सांगणारी बाई समोर आली, तर दहापैकी नऊ जण हेरगिरीचे अ‍ॅप शोधायला लागतात. ते शोधावेच, पण शेवटी. आधी साधे रस्ते तपासा, कारण त्यांना कुठलेही अ‍ॅप लागत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेनू किंवा सेटिंग्ज उघडून ‘लिंक्ड डिव्हायसेस’ पाहा. एका खात्याला चार उपकरणे जोडता येतात, आणि मूळ फोन बंद असला तरी त्यांवर संदेश येत राहतात. तिथे ‘गूगल क्रोम, विंडोज, शेवटचे सक्रिय आज सकाळी ६:४०’ अशी ओळ दिसली आणि बाईकडे लॅपटॉपच नसेल, तर तुमचे अर्धे उत्तर तिथेच आहे. कोणीतरी एकदा फोन हातात घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला, एवढेच. मग गूगल खात्यातली ‘युअर डिव्हायसेस’ यादी, रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल, जीमेलमधले फॉरवर्डिंग आणि फिल्टर, गूगल मॅप्समधले लोकेशन शेअरिंग. फोनच्या लॉकमध्ये कुणाचे जास्तीचे बोट नोंदवले आहे का तेही. घरातल्या कॉम्प्युटरवर तिचे क्रोम साइन-इन असेल तर तिने क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड तिथे वाचता येतात. पोस्टपेड सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर बिल त्याच्याकडे जाते आणि डुप्लिकेट सिमही तोच काढू शकतो; नंबर तिच्या नावावर करून घ्यायला सांगा. आयफोन असेल तर फोनमध्ये काहीच सापडणार नाही आणि तरीही आयक्लाउडचा पासवर्ड असलेला माणूस बॅकअपमधून वाचत असेल. आयओएस १६ पासून सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘सेफ्टी चेक’ आहे; त्यात कोणाला काय दिसते ते एका जागी कळते.

*#२१# दाबून फोन ‘हॅक’ आहे की नाही कळते, हा समज तुमच्या ठाण्यातही असेल. त्या कोडने फक्त कॉल फॉरवर्ड होतात का एवढे कळते. पाळतीच्या अ‍ॅपशी त्याचा संबंध नाही, आणि ‘काही नाही’ असे उत्तर आले म्हणून बाईला घरी पाठवू नका.

अँड्रॉइडवर अ‍ॅप टाकलेच असेल तर ते आयकॉन लपवते आणि ‘सिस्टिम सर्व्हिस’, ‘सिंक’ अशा निरुपद्रवी नावाने बसते. पण त्याला काम करायला परवानग्या लागतात, आणि परवानग्या लपत नाहीत. प्ले स्टोअरमधले प्ले प्रोटेक्ट बंद केलेले आहे का, ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’खाली अनोळखी सेवा चालू आहे का, ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन अ‍ॅप्स’मध्ये काय आहे, ‘नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस’ कुणाला आहे, ‘अननोन अ‍ॅप्स’ बसवायची परवानगी कोणत्या ब्राउझरला किंवा फाइल मॅनेजरला दिलेली आहे. या पाच जागा पाहिल्या तर बहुतेक वेळा ते सापडते. व्हॉट्सअ‍ॅपचे कूटीकरण (एन्क्रिप्शन) इथे उपयोगी पडत नाही. अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी असलेले अ‍ॅप उघडलेला संदेश पडद्यावरूनच वाचते.

सापडले की लगेच काढू नका. रिसेट तर मुळीच नको. याची दोन कारणे आहेत. पहिले, पुरावा जातो. दुसरे, समोरच्याच्या डॅशबोर्डवर माहिती येणे त्याच मिनिटाला थांबते, आणि बाई कुठेतरी जाऊन तपासून आली हे त्याला कळते. मारहाण वाढण्याची वेळ हीच असते. म्हणून आधी विचारा: आज रात्री कुठे राहणार, सोबत कोण आहे, तो तिला अडवू शकतो का. संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करता येतो, आणि कलम २३ खाली अंतरिम आदेश एकतर्फीही मिळतो. हे बोलणे चालू असताना तिचा फोन खोलीबाहेर ठेवा, कारण काही अ‍ॅप मायक्रोफोनही चालू करतात. १८१ किंवा ११२ ला फोनही दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावा.

मग त्या प्रत्येक स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनने घ्या: अ‍ॅपचे नाव, परवानग्या, बसवल्याची तारीख, लिंक्ड डिव्हायसेसची ओळ. फोनचा आयएमईआय *#०६# ने मिळतो, तो नोंदवा. ती सुरक्षित जागी पोचल्यावर, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून, आधी ईमेलचा पासवर्ड बदला. आधी ईमेलच, कारण बाकी सगळे पासवर्ड त्यावरूनच परत मिळवता येतात. रिकव्हरी नंबर काढा, सगळी सत्रे लॉग-आउट करा, दुहेरी पडताळणी लावा. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप, मग बँक आणि यूपीआय. फोनचा पिन सगळ्यात शेवटी, तोही जन्मतारीख किंवा लग्नाची तारीख नसलेला. नुसता रिसेट मारून जुन्याच पासवर्डने खाते परत जोडले तर पाळत संध्याकाळपर्यंत पुन्हा सुरू होते.

अशा अ‍ॅपने गोळा केलेली माहिती नवऱ्यापुरती राहत नाही, हेही तक्रारीत यायला हवे. पोलंडमधल्या लेटमीस्पाय या अ‍ॅपचा सर्व्हर जून २०२३ मध्ये फोडला गेला आणि पाळतीखालच्या लोकांचे संदेश चोरीला गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२१ मध्ये स्पायफोन या कंपनीला या धंद्यातूनच बंद केले. लोकांचे फोटो आणि लोकेशन तिने नीट कुलपातही ठेवले नव्हते. घरातल्या भांडणासाठी काढलेले बायकोचे खासगी फोटो अशा ठिकाणी पडून असतात.

गुन्हा नोंदवताना दोन गोष्टी अडतात. ‘सायबरला जा’ म्हणून तक्रारदाराला परत पाठवले जाते. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७८ नुसार तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, ही अट तपासाची आहे. तक्रार घ्यायला ती अडथळा नाही; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी ती घेता येते, ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत सही लागते. कलम ६६ चा गुन्हा दखलपात्र आहे, जामीनपात्रही आहे, आणि त्यात न्यायालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दुसरी अडचण फोन जप्तीची. बाईचा फोन मुद्देमालात गेला की तिचा नंबर, बँक, मुलाच्या शाळेचा ग्रुप, सगळे बंद होते आणि ती तक्रार मागे घेते. शक्य तिथे फोनची न्यायवैद्यक प्रत त्याच आठवड्यात काढून घ्या, हॅश किंमत पंचनाम्यात लिहा आणि फोन सुपूर्दनाम्यावर तिला परत द्या. जिथे यंत्रणा तेवढी जलद नाही, तिथे निदान सिम त्याच दिवशी काढून तिच्या हातात द्या आणि फोनचा पिन मुद्देमालाच्या लेबलवर लिहू नका.

कळावे,

कौटुंबिक कायदा आणि मोबाइल सुरक्षा या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण